जेवून निघू

परवा लेक माहेरपणाला आली होती. संध्याकाळी म्हणाली, "आई, आज स्वयंपाकघर बंद. मी बाहेरून मागवते." आणि फोनवर टकटक करून तिने जेवण मागवलंसुद्धा. अर्ध्या तासात येणार होतं. ते ऐकून आमचे हे खुर्चीतून उठले, आत गेले आणि सकाळच्या पोळ्या, लोणचं आणि उरलेली मेथीची भाजी घेऊन बाहेर आले. म्हणाले, "तोवर दोन-दोन घास खाऊन घ्या. म्हणजे ते आल्यावर त्याच्यावर तुटून पडणार नाही. उद्यालाही पुरेल."

लेक म्हणाली, "बाबा, हद करता यार तुम्ही!"

मी हात टेकून आता बरीच वर्षं झाली. हे निवृत्त झाले, अवधपुरीत घर झालं, माझे गुडघे गेले, पण या माणसाचं "जेवून निघू" काही गेलं नाही. आता तर जेवण दाराशी येतं, निघायचंसुद्धा नसतं, तरी हे जेवूनच त्याची वाट बघतात.

लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो, पिपलानीला. हे कारखान्यात सुपरवायझर. टाउनशिपमध्ये शाळा, दवाखाना, बाजार, क्लब, सगळं हाताशी होतं. सकाळी भोंगा वाजला की रस्त्यांवर सायकलींचा लोंढा, संध्याकाळी वाजला की तोच लोंढा उलटा. शहरात जायचं कारणच पडायचं नाही. त्यामुळे आम्ही सगळे भोपाळमध्येच राहून "भोपाळला जातो" असं म्हणायचो. रविवारी काय करताय? भोपाळला जाणार. जसं काही परगावी निघालोय.

माझं माहेर सांगलीचं. वडील शाळेत मास्तर, पगार तो काय असणार! पण महिन्यातून एक रविवार ते आम्हा सगळ्यांना मिसळ खायला न्यायचे. त्या दिवशी सकाळपासून कोणाला कपभर दूधही मिळायचं नाही. "भूक म्हणजे पहिली फोडणी," असं म्हणायचे. पोटात कावळे ओरडत असताना समोर ती लालभडक तर्री आली की जो आनंद व्हायचा तो मी अजून विसरले नाही. आई त्या दिवशी चूल पेटवायची नाही. बाकावर आमच्या शेजारी बसायची, पदराने नाक पुसत मिसळ खायची, आणि वडील तिला विचारायचे, "आणखी पाव?"

त्या घरातून मी या घरात आले. इथला नियम बरोबर उलटा. "भुकेला माणूस बाजारात गेला की त्याचा खिसा दुकानदाराचा," हे यांचं वाक्य. कुठून शिकले होते कुणास ठाऊक, त्यांच्या नाशिकच्या घरी तर कोणी असं बोलताना मी ऐकलं नाही. भोपाळला जायचं म्हणजे आधी घरी पोटभर जेवायचं. नुसतं जेवायचं नाही, हे प्रत्येकाला जास्तीचा भात घ्यायला लावायचे. ढेकर आला की निघायचं. आणि मग शहरभर हिंडून दुसऱ्यांनी खाल्लेलं बघायचं.

तुम्हाला वाटेल यांना शहराची आवड नव्हती. छे! यांच्याइतकं भोपाळ माहीत असलेला माणूस मी पाहिला नाही. कोणत्या मैदानात कधी गाणं आहे, कुठल्या कार्यक्रमाचे फुकट पास कोणाकडे मिळतात, टेकडीवरच्या संग्रहालयात कोणत्या दाराने गेलं की चालणं वाचतं, सगळं तोंडपाठ. क्लबच्या मैदानावर पांढरा पडदा लावून सिनेमा दाखवायचे, तिथे आमची चटई कायम पहिली. शहरातल्या थिएटरात मात्र आम्ही कधी आत गेलो नाही. बाहेर काचेच्या कपाटात सिनेमातले फोटो लावलेले असायचे, त्यांच्यासमोर उभं राहून हे लेकीला गोष्ट सांगायचे. "हा बघ, हा हिरो. ही त्याची आई. इथे तो तिला सोडून जातो." गोष्ट सगळी यांच्या मनची. एकदा थिएटरातून बाहेर पडलेला एक माणूस थांबून ऐकत राहिला आणि म्हणाला, "भाईसाब, ऐसा तो कुछ नहीं है पिक्चर में." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हे म्हणाले, "मग आपली गोष्ट जास्त चांगली."

आणि चाखणं! जुन्या शहरात चौकात नमकीनची दुकानं आहेत. तिथे शेव मागितली की दुकानदार आधी चिमूटभर हातावर ठेवतो. आमचे हे एका दुकानात लवंगी शेव चाखायचे, दुसऱ्यात लसणाची, तिसऱ्यात मिक्श्चर, आणि प्रत्येक ठिकाणी मान हलवून गंभीरपणे म्हणायचे, "थोड़ा नमक तेज है." आणि पुढे. लेकीलाही हात पुढे करायला शिकवलं होतं. मी दहा पावलं मागे, पदर डोक्यावरून पुढे ओढून. या शहरात मला कोणी ओळखत नाही याचा मला एरवी त्रास व्हायचा, पण चौकात बरं वाटायचं.

शेजारी ग्वाल्हेरच्या वहिनी होत्या. मराठीच, पण तीन पिढ्या तिकडे. त्यांचं मराठी ऐकून मला आधी हसू यायचं, मग माझीच लेक तसं बोलायला लागली. त्या सोमवारी सकाळी कुंपणाशी यायच्या आणि सुरू. "काल आम्ही बाहेरच खाना खाल्ला हो. न्यू मार्केटला. डोसा इतका लंबा, की प्लेटच्या दोन्ही बाजूंनी लटकत होता! तुम्ही कुठे गेला होता?"

मी सांगायची, "तलावावर."

"बोटीत बसला?"

"बसलेले लोक बघितले."

वहिनी तोंडावर हात ठेवून हसायच्या. "तुमचे साहेब म्हणजे ना, चमड़ी जाए पर दमड़ी न जाए!" मी पण हसायची. दुसरं काय करणार? नवऱ्याबद्दल कोणी बोललं की राग यायचा आणि खरं आहे म्हणून आणखी यायचा.

यांची बाजू नव्हती असं नाही. अवधपुरीला प्लॉट घेतला होता, त्याचा हप्ता पगारातूनच जायचा. तो प्लॉटही आमचं मनोरंजन होतं बरं का. ज्या रविवारी कुठे फुकट काही नसेल त्या रविवारी आम्ही प्लॉट बघायला जायचो. चार कोपऱ्यांत चार दगड आणि मध्ये बाभळीचं झुडूप. हे ऐटीत मध्ये उभे राहून हात फिरवायचे. "ही बैठक. इथे जिना. आणि हे तुझं स्वयंपाकघर, सगळ्यांत मोठं!" त्यांना वाटायचं मी खूष होईन. मी त्या मोठ्या मोकळ्या जागेकडे बघायची आणि तिथे ओटा, गॅस, कणकेची परात आणि मी, एवढंच दिसायचं.

माझी मागणी फार मोठी नव्हती. न्यू मार्केटमध्ये एक थाळीचं हॉटेल होतं. समोर मोठी काच, आत टेबलं, आणि पांढऱ्या कपड्यांतले वाढपी हातात वरण-भाज्यांची भांडी घेऊन फिरताना बाहेरून दिसायचे. बसलेल्या माणसाच्या ताटात फुलका संपायच्या आत दुसरा पडायचा. मला तिथे एकदा बसायचं होतं, भुकेल्या पोटी. बस. साडी नको, दागिना नको, काश्मीर नको. एकदा आत बसवा.

पण यांचा हिशेब असा होता की त्यातून सुटकाच नाही. थाळीला पोटभर खायला मिळतं, म्हणजे जो जेवून आलाय त्याला ती परवडत नाही. आणि आपण तर नेहमी जेवूनच येतो. मग थाळी कशाला? मी म्हणायची, "एकदा न जेवता येऊ." तर म्हणायचे, "म्हणजे मुद्दाम भूक तयार करायची? मग तो खर्च थाळीचा नाही, भुकेचा झाला." वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एका वर्षी दिवाळीला यांच्या नाशिकच्या घरचे सगळे आले. दीर, जाऊ, त्यांची मुलं, सासूबाई, एक आत्या. भोपाळ बघायचं होतं सगळ्यांना. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. आता एवढ्या माणसांना बाहेर खायला घालायचं म्हणजे यांच्या जिवावरच आलं असतं, म्हणून सकाळी सगळ्यांना जेवायला घालून हे त्यांना शहर दाखवायला न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, भुकेले. मी सकाळचं आवरून संध्याकाळच्याला लागायची. त्या दिवसांत मी जेवले ते सगळ्यांच्या शेवटी, ओट्याशी उभ्या उभ्या, पातेल्याच्या तळाची भाजी आणि पहिल्या लाटलेल्या, वाळून कडक झालेल्या पोळ्या. कोणी मला बस म्हटलं नाही असं नाही. जाऊ म्हणायची, "बसा की हो वहिनी." पण तव्यावर पोळी असताना कोण बसणार? आणि कोण उठणार?

एका रात्री कणीक मळता मळता मला एकदम रडायलाच आलं. हे पाणी प्यायला आत आले होते. घाबरले. म्हणाले, "पाहुणे गेले की पहिल्या रविवारी तुला न्यू मार्केटला नेतो. शब्द आहे."

पाहुणे गेले. पहिला रविवार उजाडला. मी सकाळी उठल्यापासून त्या थाळीचा विचार करत होते. आंघोळ करून सुती पण बरी साडी नेसले. हे पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "स्वयंपाक लवकर आटप. अकराला जेवून निघू."

जेवून निघू! अहो, मग शब्द कसला दिलात? कपाळ माझं! यांनी "नेतो" म्हटलं होतं, "खायला घालतो" कुठे म्हटलं होतं? शब्द पाळणारा माणूस. नेणार म्हणजे नेणार, काच बघायला.

मी पदर खोचला. वरण-भात लावला, बटाट्याची भाजी केली, पोळ्या केल्या. यांना आणि लेकीला वाढलं. "तू?" असं यांनी विचारलं. "घेते मागून," म्हटलं. ते नेहमीचंच होतं, त्यात काही नवल नव्हतं. हे कपडे बदलायला गेले तेव्हा मी एक ताट पाण्याखाली धरलं आणि पालथं घातलं. एक घास खाल्ला नाही. ठरवलंच होतं: आज मी उपाशी येणार. मग बघू हे काय करतात. भुकेल्या बायकोला काचेबाहेर उभी करतील का?

निघताना यांनी आपली खाकी झोळी खांद्याला लावली. ती कायम बरोबर असायची. पाण्याची बाटली, छत्री, बसायला जुने पेपर. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मिनीबसने आधी चौक. चौकात बापलेकीचं पोटभर चाखणं झालं. त्या दिवशी मात्र मी मागे राहिले नाही. लसणाच्या शेवेचा वास आला आणि माझा हात आपोआप पुढे गेला. मग मीच तो मागे घेतला. म्हटलं नाही, चिमटीवर मोडायची नाही ही भूक. कढईतून जिलब्या निघत होत्या. एक माणूस दोन्ही हातांत पोह्यांची आणि जिलेबीची प्लेट सांभाळत खात होता, शेवेवर लिंबू पिळलेलं. मी त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की तो वळून उभा राहिला.

मग तलाव. चालत. हे खुशीत होते. हवा छान होती, पाण्यावर बदकं होती, बोटी होत्या, आणि बघायला पैसे पडत नव्हते. लेक दगड टाकत होती. माझ्या डोक्यात टण टण व्हायला लागलं होतं. मी कठड्यावर बसले. हे म्हणाले, "दमलीस?" मी म्हटलं, "नाही." हे माझ्याकडे बघत राहिले, मग झोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

न्यू मार्केटला पोचेपर्यंत दिवे लागले होते. ते हॉटेल, ती काच. आत गर्दी होती. एक वाढपी वाकून कोणाच्या तरी वाटीत कढी ओतत होता आणि तिची वाफ दिसत होती. मी थांबले. आता बोलायचंच.

"अहो, मला भूक लागलीय."

हे हसले. इतकं गोड हसले की मला वाटलं, जिंकले मी! म्हणाले, "माहीत आहे मला. तू सकाळी जेवलीच नाहीस. पोळ्यांचा डबा उघडला, तर पोळ्या तशाच." आणि झोळीत हात घालून त्यांनी स्टीलचा डबा बाहेर काढला. "म्हणून मी तुझ्यासाठी भरून घेतला. भाजी पण आहे. चल, त्या पारावर बसून खा."

मी त्या डब्याकडे बघितलं. माझाच डबा. माझ्याच पोळ्या. सकाळपासून जिवापाड जपलेली माझी भूक, आणि तिच्यासमोर माझीच बटाट्याची भाजी. हा माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं! दुष्ट असता तर भांडता आलं असतं. याने माझ्यासाठी डबा भरला होता, मी उपाशी आहे हे ओळखून, स्वतःच्या हाताने, तळाशी लोणच्याची फोडसुद्धा ठेवून.

माझा संयम सुटला. "नको मला डबा!" मी ओरडलेच. आजूबाजूचे लोक बघायला लागले. लेक म्हणाली, "आई, हळू, सब देख रहे हैं." मी म्हटलं, "बघू देत! मला माझी भाजी नको. अकरा वाजल्यापासून मी ही भाजी चुकवत हिंडतेय. रोज मी करते, रोज मी खाते, आणि आज बाहेर आले तर तीच माझ्या मागे झोळीत बसून आली! मला दुसऱ्याच्या हातचं खायचंय. मला बसायचंय. कोणीतरी मला वाढावं असं मला वाटतंय, आलं का लक्षात?"

यांच्या हातात डबा तसाच होता. पारावरच्या एका म्हाताऱ्याने आम्हाला जागा करून दिली, त्याला वाटलं आम्ही डबा खायला आलोय.

मग हे हळूच म्हणाले, "तू जा आत."

"आणि तुम्ही?"

"माझं पोट भरलेलं आहे गं. मी आत येऊन काय करू? वाया जाईल." खिशातून पैसे काढून माझ्या हातात दिले. "हिचंही पोट भरलंय. आम्ही बसतो इथे. तू जा. खा नीट."

तशा वेळीही याला वाया जाण्याची चिंता! पण मी पैसे घेतले आणि गेले. त्या काळी बाई एकटी हॉटेलात जात नसे. दारातल्याने विचारलं, "कितने लोग?"

"एक."

"साहब आ रहे हैं पीछे?"

मी काचेतून बाहेर बोट दाखवलं. समोर पिंपळाच्या पारावर साहेब पेपर पसरून बसले होते, आणि डबा उघडून माझ्या पोळ्या खात होते. अन्न टाकायचं नाही ना! पोट गच्च भरलेलं असताना एकेक घास पाण्याबरोबर गिळत होते. "साहब बाहर खा रहे हैं," मी म्हटलं. दारातल्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मला कोपऱ्यातलं टेबल दिलं.

खरं सांगायचं तर जेवण काही विशेष नव्हतं. वरणात साखर ओतली होती. भाजीवर तेलाचा तवंग. चटणीला चव अशी नाहीच. पण मी बसले होते. एकजण आला, वाटी भरून गेला. दुसरा आला, चिमट्यातला फुलका ताटात टाकला, वर तूप. फुगलेला होता, बोट लावलं तर चटका बसला. मी तो फोडला आणि त्यातून वाफ निघाली. मागे कुठे तरी भांडं पडलं आणि मी उठायला निघाले, मग लक्षात आलं की आपलं नाही ते. फुलका संपला तसा तो परत आला. "और दूँ, बहनजी?"

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. राग आला. इतकं सोपं होतं हे? एक खुर्ची, एक ताट आणि विचारणारा माणूस? एवढ्यासाठी मी इतकी वर्षं काचेबाहेर उभी होते? मी म्हटलं, "दीजिए." तो परत आला, परत म्हटलं, "दीजिए." शेवटी तोच हसायला लागला. घाई केली नाही. बाहेर दोघं वाट बघताहेत हे दिसत होतं, तरी ताक मागून घेतलं आणि सावकाश प्यायले.

बाहेर आले. हे डबा धुऊन, पुसून, झोळीत ठेवून बसले होते. लेक त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत होती.

"कसं होतं?" यांनी विचारलं.

"वरण गोड होतं. भाजी तेलकट."

यांचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हणतो ना, घरचं ते घरचं."

"फुलका गरम होता," मी म्हटलं.

"अगं, तो तर आपल्याकडेही गरमच असतो."

"तुमचा."

एवढंच बोलले मी. यांनी लेकीला उचलून खांद्यावर घेतलं. मिनीबसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो, लेक आमच्यावर आडवी. एरवी परतीच्या वाटेवर हे दिवसभरात काय काय फुकट पाहिलं त्याची उजळणी करायचे. त्या दिवशी पिपलानीचा स्टॉप आला तरी तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, दुखावले. मग वाटलं, दुखावू देत.

सोमवारी कुंपणाशी वहिनींना मी सांगितलं, "काल थाळी खाल्ली." वहिनी म्हणाल्या, "अरे वा! सगळे गेला होता?" मी म्हटलं, "हो, सगळे गेलो होतो." खोटं कुठे होतं त्यात?

पुढचा रविवार आला. हे पेपर वाचत होते. मी कान टवकारून होते. वर न बघता म्हणाले, "अकराला जेवून निघू."

डोंबल! म्हटलं झालं, आठवडाभर जे गप्प बसले होते ते हेच बोलायला. मी स्वयंपाकघरात आदळआपट करत पोळ्या लाटायला लागले. भांड्यांचा आवाज पार शेजारी जात असणार. लेकीला वाढलं. यांना हाक मारली. हे आत आले, पण पाटावर बसले नाहीत. ओट्याशी आले आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"तू बस."

"अहो, काय करताय? तवा तापलाय."

"म्हणूनच. बस."

मी बसले. काय करणार? यांनी ताट वाढून समोर ठेवलं. मीठ उजवीकडे वाढलं, भाजीच्या बाजूला, पण वाढलं. मग पोळी लाटायला लागले. कारखान्यात हजार किलोची यंत्रं सरळ बसवणारा माणूस, आणि पोळी अशी, की लेक म्हणाली, "बाबा, हा तर एमपीचा नकाशा आहे!" एक कडा जाड, दुसरीतून पोळपाट दिसतोय. तव्यावर टाकली तर फुगली नाही. यांनी ती फडक्याने दाबली, बोट भाजलं, ओय करून झटकलं, आणि उचलून धावत येऊन माझ्या ताटात टाकली. वर तूप. भरपूर घातलं, हे मी मुद्दाम सांगते.

मी घास तोंडात घातला. मधे कच्ची होती.

"गरम आहे ना?" यांनी विचारलं.

"आहे."

"मग झालं तर!" कपाळाचा घाम मनगटाने पुसून म्हणाले, "आता काही थाळीची गरज नाही."

बघा, काय म्हणावं या माणसाला! आठवडाभर विचार करून त्यातूनही यांनी सगळ्यांत स्वस्तातला मार्ग शोधून काढला होता. मला हसावं की पोळपाट डोक्यात घालावा कळेना. तोंडात कच्ची पोळी आणि डोळ्यांत पाणी, त्यामुळे यांतलं काहीच करता आलं नाही.

मी दुसरी खाल्ली. तिसरीही खाल्ली. हे पीठभरल्या हाताने लाटणं धरून माझ्या ताटाकडे बघत उभे होते, हॉटेलातला तो पांढऱ्या कपड्यांतला वाढपी उभा होता तसेच.

"आणखी वाढू?"

या घरात हा प्रश्न मीच विचारत आले होते. माझं पोट केव्हाच भरलं होतं.

"वाढा," म्हटलं.